सुरगाठ

जहाजावर वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, घ्यायला ब्रिजवर गेलो की माझा उजवा हात आधी एकाच ठिकाणी जातो. सुकाणूच्या चाकाशेजारी फिरवायचा एक खटका असतो. एका बाजूला 'ऑटो', दुसऱ्या बाजूला 'हँड'. तो कुठे आहे हे अंधारात बोटांनी चाचपायचं आणि मगच आधीच्या अधिकाऱ्याला 'घेतला वॉच' म्हणायचं. पंचवीस वर्षं हे चाललं आहे. नवी कॅडेट पोरं आपसात हसतात, ते मला ठाऊक आहे. देवाला हात लावल्यासारखं करतात साहेब, असं एकजण म्हणालाही होता.

ही सवय मी माझ्या अकलेनं लावून घेतलेली नाही. ती दोन माणसांनी लावली. एक भीमेकाठचे भोई, दुसरे रत्नागिरीकडचे सुकाणी. दोघंही फार शिकलेले नव्हते, दोघांनाही माझ्या चुकीचे धक्के खावे लागले, आणि दोघांनाही मी हे त्यांच्या हयातीत नीट सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

माझं गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं. भीमेवरचं ते धरण १९८० साली पुरं झालं तेव्हा मी चार वर्षांचा होतो. जुनं गाव, जुनी विहीर, वेशीवरची चिंच यांतलं मला काहीच आठवत नाही. मला आठवतं ते पाणीच. सरकारी कागदावर त्या जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण आमच्याकडे त्याला नुसतं 'पाणी' म्हणतात. पाणी वर आलं, पाणी मागं सरलं. उन्हाळ्यात ते मागं सरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला जातात. देवळाबरोबर बाकीचंही पुष्कळ काही वर येतं, किंवा वर यायच्या बेतात असतं. वाळलेल्या बाभळी, विहिरींचे कठडे, विजेचे खांब. पूर्ण वर आलेली बाभूळ दिसते. हातभर पाण्याखाली असलेली दिसत नाही, आणि लाँचच्या बुडाला ती नेमकी सापडते.

समोरचा काठ करमाळा तालुक्याचा. रस्त्यानं जायचं तर डिकसळचा पूल नाहीतर टेंभुर्णीचा वळसा, आणि पाण्यावरून समोर दिसतंय ते गाव. त्यामुळे आमच्याकडे लाँच ही एस्टीसारखी. बाजार, लग्नं, बाळंतिणी, शेळ्या, पुढे पुढे मोटारसायकलीसुद्धा सगळं लाँचनंच जायचं. आमच्या काठावरची लाँच तात्यांची होती. तात्या जातीनं भोई, घराण्याचा धंदा नदीतल्या मासेमारीचा. धरण झाल्यावर नदीच राहिली नाही, तेव्हा त्यांनी लाकडी होडीला डिझेल इंजिन बसवून घेतलं. मागच्या बाजूला सुकाणू, त्याला हातभर लाकडी दांडा. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या लाँचवर. पैसे मिळायचे नाहीत, कधीमधी एखादा चिलापी मासा मिळायचा. घरी माळकरी वातावरण, त्यामुळे तो मासा परस्पर शेजारी जायचा.

तात्या एकटेच असायचे. इंजिन बघायचं, पाणी उपसायचं, उतारूंचे पैसे घ्यायचे, वाटेत जाळ्याची खूण दिसली की वाकून बघायचं. दोन हात पुरायचे कसे? तर ते सुकाणूचा दांडा बैलाच्या जुन्या कासऱ्यानं बांधून ठेवायचे. समोरच्या काठावरचं एखादं झाड धरून लाँच सरळ केली, कासऱ्याचा वेढा दिला की लाँच आपली आपण चालायची. वाऱ्यानं थोडी फाकली तर कासरा बोटभर सैल करायचा किंवा आवळायचा. पुढे मी ज्याला ऑटोपायलट म्हणायला शिकलो ती चीज मी पहिल्यांदा अशी पाहिली, शेणाचा वास येणाऱ्या दोरात.

बारा वर्षांचा असताना एकदा मे महिन्यात तात्या म्हणाले, "लेका, दांडा बांध, मी जरा पाणी उपसतो." मला काय आनंद झाला! मी बांधला. चांगला घट्ट. एकावर एक दोन गाठी. इतका घट्ट, की तात्या बघून शाबासकी देतील असं वाटलं. आमच्या लाँचमध्ये त्या दिवशी सात-आठ माणसं होती, एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर कोंबड्या होत्या.

पुढच्या फळीवर बसलेल्या कुणीतरी ओरडून दाखवलं. पाण्याखाली काळं काहीतरी होतं. बाभळीचा शेंडा. तात्या डबा टाकून मागे आले, दांडा धरला आणि ओढला. तो हलेना. गाठीला हात घातला. पाण्यानं भिजलेला सुती दोर, दोन गाठी, त्यावर सुकाणूचा ताण. ती गाठ देवालाही सुटली नसती. तात्यांनी फळीखालचा विळा काढला आणि कासरा कापला. लाँच वळली, पण उशिरा. बुडावरून खर्रर आवाज गेला, फांदी फळीला लागून मोडली, म्हातारीच्या कोंबड्या उडाल्या. फळी फुटली नाही एवढंच.

मी रडायला लागलो. तात्या ओरडले नाहीत. पैलतीरी माणसं उतरवली, परत येताना लाँच थांबवली आणि कापलेल्या कासऱ्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला.

"ही कुठली गाठ मारली व्हतीस?"

"घट्ट गाठ."

"आरं, तिला निरगाठ म्हणत्यात. मेलेल्याच्या तिरडीला मारत्यात ती. जित्या कामाला सुरगाठ मारायची."

मग त्यांनी दाखवली. दोराचं टोक सगळं ओढून घ्यायचं नाही, दुमडून फासा ठेवायचा, आईच्या परकराच्या नाडीला असतो तसा. ताण कितीही येऊ दे, धरून ठेवते. पण सुटं टोक ओढलं की गाठ होती की नव्हती हे कळत नाही. तात्यांनी माझ्याकडून संध्याकाळपर्यंत ती गाठ मारून घेतली. शेवटी शेवटी पाण्याकडे बघत, गाठीकडे न बघता. आणि दर वेळी एकच गोष्ट तपासायचे: सुटं टोक कुठं आलंय. "तुझा हात जिथं आपसूक पडंल तिथं टोक पायजे. हुडकाय लागलं की मेलास."

मी ते शिकलो, आणि विसरलो. विसरलो हे आज कबूल करतो. कारण पुढे मला वाटायला लागलं की मी मोठ्या पाण्यावर निघालो आहे आणि हे डबक्यातलं शिक्षण डबक्यापुरतं.

बारावी बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात केली. इंदापूरहून एस्टीनं जाऊन-येऊन, मग खोली घेऊन. तिथे एका मित्राच्या भावाकडून मर्चंट नेव्हीची माहिती कळली आणि १९९४ साली नव्या मुंबईत चाणक्य या प्रशिक्षण संस्थेत लागलो. गावात पेढे वाटले तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं मी उजनीवर सरकारी लाँचला लागलो. तात्यांनी पेढा घेतला आणि विचारलं, "मोठ्या जहाजाला सुकाणू कसं धरत्यात?" मी त्यांना सांगितलं, की आता ते कुणी धरत नाही, यंत्र धरतं. तात्या नुसतं 'बरं' म्हणाले. त्या उत्तरातला माझा सूर आठवला की अजून लाज वाटते.

संस्थेत यंत्राचा इतिहासही थोडा शिकवला होता. जहाजांवरची स्वयंचलित सुकाणू १९२०च्या दशकात आली. अमेरिकेतल्या स्पेरी कंपनीच्या यंत्राला खलाशी 'मेटल माईक' म्हणायचे, लोखंडी माईक. पण मला पुढे जे वाचायला मिळालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. निकोलस मिनोर्स्की नावाच्या रशियन वंशाच्या अभियंत्यानं १९२२ साली या यंत्रांमागचं गणित मांडलं, आणि ते मांडताना त्यानं अनुभवी सुकाणी चाक कसं धरतात हे पाहिलं होतं. जहाज किती फाकलंय एवढंच चांगला सुकाणी बघत नाही. ते किती वेगानं फाकतंय, आणि मघापासून एकाच बाजूला का ओढतंय, हेही त्याच्या हाताला कळतं. ते कळणं मिनोर्स्कीनं समीकरणात बसवलं. आज कारखान्यातल्या बॉयलरपासून ड्रोनपर्यंत तेच सूत्र वापरतात. म्हणजे ते यंत्रही कुणा सुकाण्यांचं देणेकरी आहे, आणि त्या सुकाण्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

मी थर्ड ऑफिसर झालो त्या पहिल्या जहाजावर चाचा होते. हुद्दा एबी, म्हणजे कुशल खलाशी, पण जुनी माणसं त्यांना 'सुकाणी' म्हणायची. हा शब्द आपल्या खलाशांबरोबर इंग्रजांच्या जहाजांवर गेला. कंपनी सरकारच्या काळापासून इंग्रजांच्या कागदांत तो सापडतो, सारंग आणि टिंडल यांच्याबरोबर. चाचा रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे कोकणी मुसलमान, साठीकडे झुकलेले. वॉचवर मला 'साहेब' म्हणायचे आणि खाली डेकवर भेटले की 'बाळा'. दोन्ही हाकांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

ऑक्टोबर २०००. मुरगावहून लोहखनिज भरून आम्ही दक्षिणेकडे निघालो होतो, श्रीलंकेला वळसा घालून पूर्वेकडे. माझा वॉच रात्री आठ ते बारा. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, पश्चिम किनाऱ्याला मासेमारी जोरात. समुद्र शांत, चंद्र नाही. जहाज ऑटोवर होतं आणि मी चार्टपाशी काहीतरी लिहीत होतो. चाचा ब्रिजच्या विंगवर, म्हणजे बाहेरच्या सज्जात, नजर ठेवायला.

डाव्या पुढच्या अंगाला एकदम टॉर्च चमकली. होडी. दिवा नसलेली, रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवलेली. कुणीतरी घाबरून टॉर्च हलवत होतं. मी धावत चाकापाशी गेलो आणि चाक पूर्ण उजवीकडे फिरवलं.

काही झालं नाही.

समोरच्या तबकडीवर सुकाणूचा काटा शून्याच्या आसपास, जसा होता तसा. यंत्र आपलं जुनी दिशा शांतपणे सांभाळत होतं. मी चाक डावीकडे फिरवलं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग "सुकाणू बंद पडलं!" असं ओरडून इंजिन रूमला लावायला फोन उचलला. खटका 'ऑटो'वर होता. चाक जोडलेलंच नव्हतं. मी ज्या चाकाशी झुंजत होतो ते त्या क्षणी मुलांच्या खेळण्यातल्या चाकाइतकंच कामाचं होतं.

चाचा विंगवरून आत आले. ते धावले नाहीत, हे मला स्पष्ट आठवतं. तीन ढांगा. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं नाही, होडीकडेही नाही. चाकाकडे बघितलं. ते मी डावीकडे वळवून सोडलेलं होतं. त्यांनी ते मध्यावर आणलं, खटका 'हँड'वर घेतला, आणि मग उजवीकडे पूर्ण वळवलं. काटा सरकायला लागला. पाच, दहा, वीस. सत्तर हजार टनांचं भरलेलं जहाज लगेच वळत नाही, ते आधी विचार करतं. मग कंपासची टिकटिक सुरू झाली.

पुढचा भाग होडीपासून निसटला. तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण जहाज उजवीकडे वळतं तेव्हा त्याचं शेपूट डावीकडे फेकलं जातं, आणि होडी डावीकडेच होती. चाचांनी मी काही बोलायच्या आत चाक उलटं डावीकडे घेतलं, शेपूट उचलल्यासारखं बाजूला झालं, आणि होडी आमच्या डाव्या अंगानं मागे गेली. इतक्या जवळून की तिच्यावरच्या माणसांच्या शिव्या ऐकू आल्या. कानडी होत्या की तुळू, कोण जाणे. मला त्या आरतीसारख्या गोड लागल्या.

चाचांनी जहाज पुन्हा मूळ दिशेवर आणलं आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "मिडशिप, साहेब." म्हणजे सुकाणू मध्यावर. जणू सगळे हुकूम मीच दिले होते.

तेव्हा मला कळलं नव्हतं ते नंतर कळलं. चाक डावीकडे असताना त्यांनी नुसता खटका फिरवला असता, तर सुकाणू चाकाच्या मागोमाग तडक डावीकडे गेलं असतं. म्हणजे होडीच्या अंगावर. यंत्राकडून ताबा घेताना चाक आधी कुठे आहे ते बघायचं असतं. त्या एका सेकंदाच्या बघण्यात होडीतली माणसं वाचली.

बारा वाजता वॉच संपला. खाली जाताना जिन्यावर चाचा म्हणाले, "कॅप्टनला तू सांगशील की नाय, ते तुझं तू बघ. मी सांगणार नाय. पण बाळा, नाय सांगितलंस तर रोज रात्री ती टॉर्च दिसेल हां."

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सांगितलं. कॅप्टनसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ही चूक करणारा तू पहिला नाहीस, आणि मला टॉरी कॅन्यनची हकिगत वाचायला दिली.

१८ मार्च १९६७. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, सिली बेटं आणि कॉर्नवॉलच्या मध्ये, सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल घेऊन निघालेला टॉरी कॅन्यन हा टँकर सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर चढला. कारणं पुष्कळ होती: घाई, जवळची वाट धरणं, मध्ये आलेल्या मासेमारी होड्या. पण अगदी शेवटच्या मिनिटांत चाक फिरवलं तरी जहाज वळेना, कारण सुकाणूचा खटका भलत्याच जागी होता. त्या जहाजावर हाताचं, ऑटोचं, आणि चाक सुटं करणारं असं तिसरंही स्थान होतं. कॅप्टनला आधी वाटलं फ्यूज गेला. मग त्यानं इंजिन रूमला फोन लावला, तो घाईत स्वयंपाकघरात लागला, आणि पलीकडून नाश्त्याबद्दल विचारणा झाली. हे वाचताना मी हसलो नाही. माझ्याही हातात फोन होता.

त्याच कागदांत आंतरराष्ट्रीय नियमही होता. जहाजांच्या सुरक्षिततेच्या सोलास करारातल्या पाचव्या प्रकरणाचा, आज २४वा असलेला नियम. गर्दीच्या पाण्यात, धुक्यात, धोक्याच्या जागी ऑटोवर असाल तर हाती ताबा तात्काळ घेता आला पाहिजे. बदल जबाबदार अधिकाऱ्याच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावा. ऑटो बराच वेळ चाललं असेल तर, आणि सावधगिरीच्या पाण्यात शिरण्याआधी, हातचं सुकाणू चालवून बघावं. परीक्षेत मी हे घडाघडा लिहिलं होतं आणि मार्कही घेतले होते.

शिकवलं ते चाचांनी. त्या रात्रीपासून पुढचे दोन महिने, समुद्र मोकळा असला की वॉचच्या अखेरच्या अर्ध्या तासात, कॅप्टनसाहेबांच्या परवानगीनं. मला विंगवर उभं करायचे, पाठ फिरवायला लावायचे आणि मध्येच म्हणायचे, "घ्या साहेब." मी आत यायचं, चाक बघायचं, मध्यावर आणायचं, खटका, मग चाक, मग तबकडीवरचा काटा. काटा हललेला दिसला की तोंडानं सांगायचं. नुसतं चाक फिरवलं म्हणजे सुकाणू फिरलं असं धरायचं नाही. हाताचंही चालत नसेल तर शेजारचा छोटा दांडा, ज्याला नॉन-फॉलो-अप म्हणतात. तो ढकलून धरला तेवढा वेळ सुकाणू त्या बाजूला जात राहतं, सोडला की थांबतं. तेही नाही तर खाली सुकाणूच्या खोलीत माणूस पाठवायचा. आणि गर्दीच्या पाण्यात शिरण्याआधी सुकाणूची दुसरी मोटर चालू करून ठेवायची, म्हणजे सुकाणू लवकर वळतं. ही शेवटची गोष्ट मला पुस्तकात शंभरदा दिसली होती आणि एकदाही दिसली नव्हती.

चौथ्या-पाचव्या रात्री त्यांनी दिवा मालवला आणि खटका अंधारात शोधायला लावला. माझा हात इकडेतिकडे फिरला. चाचा म्हणाले, "शोधायचा नाय. हात पडेल तिथे तो असला पाहिजे. नसेल तर तू उभा चुकीचा राहतोस."

मी तिथेच थांबलो. तात्यांचं वाक्य. बारा वर्षांपूर्वीचं, भीमेच्या पाण्यावरचं. चाचांना मी कासऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "त्या माणसाला तू पत्र लिहितोस की नाय?"

लिहीत नव्हतो. त्या रात्री लिहायला बसलो, चार ओळी लिहिल्या, आणि पुढच्या बंदरात ते पाकीट टाकायचं राहून गेलं. २००३ साली तात्या गेले. मला सिंगापूरला असताना फोनवर आईकडून कळलं, इतर बातम्यांच्या मध्ये कुठेतरी. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

नंतरच्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परीक्षा दिल्या, हुद्दे वाढले. एक प्रसंग मात्र सांगतो, कारण त्यात मला माझं जुनं शिक्षण नव्यानं कळलं. सुट्टीत गोव्याला एका मित्राच्या शिडाच्या छोट्या बोटीवर गेलो होतो. त्या दिवसांत गोव्यात म्हादेई बोटीचा विषय निघाल्याशिवाय राहत नसे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या त्या बोटीवरून नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. एकट्या माणसाला झोपायचं, शिवायचं, रांधायचं, तर सुकाणू कुणीतरी धरलंच पाहिजे. अशा प्रवासात ऑटोपायलट म्हणजे दुसरा खलाशी.

मित्राच्या बोटीला चाक नव्हतं, लाकडी दांडा होता. तात्यांच्या लाँचसारखाच. त्या दांड्यावर पितळेची छोटी खुंटी आणि त्या खुंटीवर बसवलेला यंत्राचा हात, दिशा धरून दांडा आतबाहेर ढकलणारा. मांडवीच्या तोंडाशी एक फेरीबोट अंगावर आली. मी सवयीनं बटण शोधायला गेलो. मित्रानं यंत्राचा हात नुसता खुंटीवरून वर उचलला आणि दांडा ओढला. अर्धा सेकंद. "बटण नंतर दाबायचं," तो म्हणाला. त्यानंच सांगितलं, की चाकाच्या बोटींवर तसं नसतं. काहींवर क्लच सोडायची कळ असते, काहींवर 'स्टँडबाय' दाबल्याशिवाय चाकाशी मारामारी करून उपयोग नाही, आणि बटणानंही ऐकलं नाही तर वीज तोडायचा खटका कुठे आहे हे बंदर सोडण्याआधीच हातानं बघून ठेवायचं. मी मात्र त्या खुंटीकडेच बघत बसलो. ती पितळेची सुरगाठ होती.

चाचांना भेटायला गेलो तो २०११ साली. खाडीकाठचं घर, अंगणात वाळत घातलेली सुकट, डोळ्यांत मोतीबिंदू. मी कॅप्टन झाल्याचं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून चाचपला, आणि म्हणाले, "वॉच घेताना खटका बघतोस?" मी हो म्हणालो. "हातानं?" हो. एवढंच. मला जे बोलायचं होतं ते घशात अडकलं. चाचींनी चहा आणला, मग जेवण आणलं, मग संध्याकाळची एस्टी आली. पुन्हा जाणं झालं नाही.

२१ मे २०२४ रोजी मी गावी होतो. संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि कुगावहून कळाशीकडे येणारी लाँच उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही. आपत्ती दलाची माणसं येऊन शोध घेत होती तेव्हा आमच्या पंचक्रोशीतला प्रत्येक जण काठावर होता. मीही होतो. जगभराच्या पाण्यावर वावरलेला माणूस, हात बांधून, काठावर. त्या वाऱ्यापुढे कुठली गाठ कामाला आली असती असा माझा दावा नाही, आणि त्या दिवशी लाँचमध्ये काय घडलं यावर मी बोलूही नये.

पण त्यानंतर सुट्टीत आलो की मी काठावर जाऊन बसतो. लाँचवाली पोरं ओळखीची आहेत. त्यांना विचारतो, दांडा कशानं बांधता. आता कासरे राहिले नाहीत, नायलॉनचा दोर आला आहे. तो गुळगुळीत असतो, म्हणून ती त्यावर तीन-तीन गाठी मारतात, आणि ताण बसला की त्या दगडासारख्या होतात. मी दोर मागून घेतो, फासा कसा जास्त लांब ठेवायचा ते दाखवतो. काही पोरं ऐकतात. काहींना वाटतं, साहेबाला वेळ जात नाही. तेही खोटं नाही. लाइफ जॅकेट अंगात घाला म्हटलं की मात्र सगळीच हसतात. ते अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.

तात्यांची लाँच आता त्यांचा नातू चालवतो. गेल्या दिवाळीत त्याच्याबरोबर पैलतीरी गेलो. मध्यावर त्यानं दांडा बांधला आणि इंजिनाकडे वळला. मी वाकून बघितलं. सुरगाठच होती. सुटं टोक डावीकडे होतं. चुकलंय असं वाटून मी ते उजवीकडे घ्यायला हात घातला, तेवढ्यात त्यानं मागे न बघता डाव्या हातानं टोक ओढलं आणि दांडा धरला. तो डावखुरा आहे.